रिकाम्या स्ट्रिपांचा हार

सिस्टरांसमोर पाच मिनिटं तोंड बंद ठेवून बसणं मुलुंडच्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. पण आमच्या धर्मादाय दवाखान्यात बीपी मोजण्याआधी ते सक्तीचं होतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मोबाइल खिशात. बाकावरच्या एकानं तोंड उघडलं की सगळ्या बाकाची पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. एकदा आमच्यातले गालाकाका नुसतं "पंखा वाढवा ना" म्हणाले आणि आम्ही सहाजण वीस मिनिटं बसलो, कारण नंतर प्रत्येकानं आपापल्या सोयीनं काकांना झापलं.

"मशीनला तुझं बीपी मोजायचंय रे," सिस्टर म्हणायच्या, "तुझं भाषण नाही."

मी तिथं दर महिन्याला जायचो. छातीत स्टेंट, बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वर, वडील पन्नाशीतच हार्ट अटॅकनं गेलेले. डॉक्टर मला 'हाय रिस्क' म्हणायचे. बायकोही म्हणायची, फक्त तिचा सूर वेगळा असायचा. मला गोळ्यांचा मनापासून कंटाळा. साकीनाक्याला माझं लेथचं वर्कशॉप आहे. मशीननं आवाज केल्याशिवाय ते उघडायचं नाही, ही माझी जुनी सवय. आणि कोलेस्टेरॉल कधी आवाजच करत नाही.

सिस्टरांचा दुसरा कायदा रिकाम्या स्ट्रिपांचा. मागच्या महिन्याच्या स्ट्रिपा टेबलावर ठेवल्याशिवाय नव्या गोळ्या नाहीत. "घेतल्या असं तोंडानं सगळेच सांगतात." एका महिन्यात माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या जशाच्या तशा राहिल्या होत्या, म्हणून मी घरातल्या औषधांच्या डब्यातून हाताला लागतील त्या रिकाम्या स्ट्रिपा उचलून नेल्या. सिस्टरांनी चष्मा नाकावर घेतला आणि स्ट्रिप उलटी करून मागचं नाव वाचलं.

"बायको कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि तिची ॲसिडिटी?"

सगळा बाक खो खो हसला. अर्थातच पाच मिनिटं पुन्हा सुरू झाली.

पुढे एकदा बीपी नॉर्मल आलं, तेव्हा मी विचारलं, आता गोळी बंद करू का? चिडल्या की सिस्टर थेट मालवणीत शिरायच्या. "चष्मो लावल्यार दिसता, म्हणान चष्मो काढून टाकतंस काय रे? मेल्या, गोळी घेतंस म्हणान नॉर्मल इला ता!" त्या दिवसापासून बीपीची गोळी मी नेमानं घेऊ लागलो. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मात्र जमेल तसं चालू राहिलं.

मागच्या वर्षी सिस्टर रिटायर झाल्या. गालाकाकांनी जाहीर केलं, बुके नको. आम्ही सगळ्यांनी महिन्याभराच्या रिकाम्या स्ट्रिपा आणून दिल्या आणि गालाकाकींनी त्या ओवून झकास हार केला. माझ्या कोलेस्टेरॉलच्या एका स्ट्रिपेत दोन गोळ्या उरल्या होत्या; म्हटलं, हारात कोण मोजतंय?

सिस्टरांनी हार घातला, पोटभर हसल्या आणि सवयीनं एकेक स्ट्रिप चाचपू लागल्या. एका ठिकाणी बोटं थांबली.

"ह्यात दोन आहेत. कोणाच्या?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी हसून वेळ मारून नेणार होतो, पण सिस्टर हसत नव्हत्या.

"आमच्या ह्यांना पण कोलेस्टेरॉल होतं," त्या हळू म्हणाल्या. "रोज विचारायचे मी. ते म्हणायचे, घेतली. मी नर्स असून विश्वास ठेवला. ते गेल्यावर कपाटात शर्टांखाली स्ट्रिपा सापडल्या. सगळ्या भरलेल्या."

कोणी न सांगता तो बाक पहिल्यांदाच गप्प झाला. मला माझीच लाज वाटली. मी पुढे होऊन हात पसरला. सिस्टरांनी दोन्ही गोळ्या काढल्या, पण हातावर एकच ठेवली.

"दोन एकदम नको. ही आज जेवल्यावर." दुसरी त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "आणि ही उद्या. उद्या पण असायला पायजे ना तू."

सिस्टर आता देवगडला असतात. महिना संपला की मी त्यांना रिकाम्या स्ट्रिपांचा फोटो पाठवतो. उत्तर दर वेळी एकच येतं: "उलट्या करून पाठव."