टाकीत उरलेलं पाणी

मी फायरमन आहे. त्या मे महिन्यात दिवा गावाच्या खाडीकडच्या टोकाला भंगाराच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी भर दुपारी आली. आत प्लास्टिक, पुठ्ठा, जुने सोफे. आणि गोदामाच्या भिंतीला चिकटून पत्र्याची चाळ. आमची गाडी कशीबशी गल्लीत शिरली. दुसरी कल्याणहून निघालेली, पण ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

"जवळ पाणी कुठे मिळेल?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या नळालाच परवापासून पाणी नाही," गर्दीतला एक जण म्हणाला.

नुसतं पाणी मारलं असतं तर टाकी बघता बघता संपली असती. साहेब म्हणाले, "गोदाम राहू दे. फोम लाव, चाळ वाचव." मी फोमच्या कॅनमध्ये नळी सोडली. फेस लाकडाला, पत्र्याला चिकटून राहतो, ओल धरून ठेवतो. पाणी पुरतं.

तेवढ्यात एका बाईने माझा हात धरला. धुणीभांड्याच्या कामावरून ती धावत आलेली.

"अहो, पाणी मारा ना! साबण काय उडवताय? सासू आत आहेत माझ्या, त्यांना उठता येत नाही!"

तिची खोली शेवटची, गोदामाला लागून. माझा जोडीदार मास्क लावून आत घुसला. मी दारावर फेसाची धार धरून ठेवली. तो म्हातारीला उचलून बाहेर आला. ती कुठेच भाजली नव्हती. धुराने गेली होती. केसांत, पापण्यांवर फेस होता. सून खाली बसली आणि पदराने तो पुसत राहिली.

चाळ वाचली. दुसरी गाडी आल्यावर गोदाम विझलं. म्हातारीला पोस्टमॉर्टेमला नेलं.

आम्ही होज गुंडाळत होतो तेव्हा सून कळशी घेऊन आली.

"दादा, गाडीत पाणी उरलंय?"

"थोडं आहे, ताई. पण गढूळ आहे, पिऊ नका."

"प्यायला नको. त्यांना आणल्यावर अंघोळ घालायची आहे. घरात थेंब नाही."

साहेबांनी मान हलवली. मी नळ उघडला. तिने ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं.

"यात साबण नाही ना?"

"नाही. तो पुढे नळीत मिसळतो."

तिने कळशी भरली. शेजारणी हंडे घेऊन आल्या.

परतताना जोडीदार म्हणाला, "जरा आधी पोचलो असतो तर..."

"गप बस रे," साहेब म्हणाले. फायर स्टेशनला पोचल्यावर मी आधी टाकी भरायला लावली.