चिंचेखालच्या शेताचं पुस्तक

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत. ही एक सोडून. तिला सांगितलं नाही, ज्या वकिलांकडे वीस वर्षं काम केलं त्यांना सांगितलं नाही, देवासमोरसुद्धा ओठ हलवले नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांनी चालवलेलं माझं कौतुक आता मला ऐकवत नाही.

कौतुक कसलं? तर कपाटाचं. कोपरखैरण्यात आमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातली एक भिंत माझ्या काचेच्या कपाटानं खाल्लेली. त्यात जमीनमोजणीची जुनी पुस्तकं. साखळी कशी ताणावी, बांध वाकडा असेल तर क्षेत्र कसं काढावं, डोंगरउतारावर माप कसं घ्यावं – असली, ज्यांच्याकडे आता कुणी ढुंकूनही पाहत नाही अशी पुस्तकं. रद्दीवाले मला फोन करतात. एखादा जुना मोजणीदार गेल्याचं कळलं की मी तेराव्याला जातो, आणि चार दिवसांनी त्याच्या घरच्यांना विचारायला पुन्हा जातो – माळ्यावर काही पुस्तकं आहेत का हो? बायको म्हणते, "गिधाडं बरी, ती निदान हात जोडून येत नाहीत." ती हे हसून म्हणते. तिला वाटतं, माझी हाव एवढीच आहे.

माझा धंदा टायटल सर्चचा. म्हणजे जमीन मुळात कुणाची, मग कुणाकडे गेली, मधे कोण कसत होतं, हे जुन्या दप्तरांतून शोधायचं आणि वकिलाला अहवाल लिहून द्यायचा. वैताग आहे नुसता. आज सर्व्हर बंद, उद्या साहेब मीटिंगला, परवा नेमकं आपल्याला हवं ते पान उंदरांनी खाल्लेलं. या सगळ्यात माझं एक नाव होतं. याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणायचे. आणि मी – मी ते खरं मानून बसलो होतो.

आमच्या कामात एक नियम आहे. नव्या पोरांना मीच शिकवतो तो. शेताचा नंबर एक असला तरी दप्तरं पाच उघडायची. त्या शेताचं एक आणि चारी बाजूंच्या शेजारच्या शेतांची चार. कारण पुढे पोटहिस्से पडतात, मोजणी पुन्हा होते, आणि एखादी पट्टी गुपचूप शेजारच्या नंबरात जाऊन बसते. माणूस आपल्याच घरात शोधत राहतो आणि वस्तू शेजाऱ्याकडे. साधा नियम. पाळायला फक्त कंटाळा सोडावा लागतो.

नऊ वर्षांपूर्वी हिराबाई आमच्या वाशीच्या ऑफिसात आली. खाडीकाठच्या गावची, सत्तरीची, बरोबर मुलगी सुनंदा. नवऱ्यानं सोडल्यापासून सुनंदा आईकडेच होती, आणि दोघी दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलत होत्या. हिराबाईच्या सासरची भातजमीन शहर वसवताना गेली होती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना बदल्यात भूखंड मिळतो, इकडे सगळे त्याला साडेबारा टक्के म्हणतात. पण कागदोपत्री जमीन खोताची. खोताच्या नातवांनी अर्ज टाकला होता. हिराबाईचं म्हणणं एवढंच, की चिंचेखालचं शेत तिच्या सासऱ्यानं, पोशा धर्मानं, कूळ म्हणून जन्मभर कसलं. त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं सापडलं, तर त्या भूखंडात तिचाही वाटा. नाही सापडलं, तर पुन्हा अकरा महिने.

तिच्याकडे कापडी पिशवी होती. रेशनकार्ड, दोन फाटक्या पावत्या, आणि तळाशी, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं – काय सांगू तुम्हाला – साखळीमोजणीचं लाल कापडी बांधणीचं ते इंग्रजी पुस्तक, जे मी अकरा वर्षं शोधत होतो. आतले घडीचे नकाशे शाबूत. मी ते हातात घेतलं आणि पुढे ती काय बोलत होती ते मला अर्धंच ऐकू आलं.

"सासऱ्यांनी मोजनीची साखली धरलीय," ती सांगत होती. "जाताना त्या सायबानं या बूक दिलं. सासरा बोलाचा, या बुकान आपली जमीन हाय."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, मावशी, हे शाळेतल्यासारखं पुस्तक आहे, यात जमीन नसते, जमीन मोजायची कशी ते असतं. ती ओशाळली. मग मी, जणू तिच्यावर उपकार करतोय अशा आवाजात, म्हणालो की केसला याचा उपयोग नाही, हवं तर माझ्याकडे राहू दे. तिनं एकदा मुलीकडे पाहिलं.

"ठेवा तुमीच," ती म्हणाली. "माजे घरान वालवी लागंल."

इथपर्यंत हाव. ती सांगायला मला फार जड जात नाही, पाहिलंत ना? पुढचं जातं.

सर्च मी केला. पण शेताचा नंबर समोरच्या पार्टीच्या अर्जावरून उचलला, आणि तो एकच नंबर उघडला. ऊन होतं, ऑफिसात गर्दी होती, लाल पुस्तक घरी वाट पाहत होतं. त्या नंबरात पोशाचं नाव नव्हतं. मी अहवाल लिहिला – नाव आढळत नाही. खाली नेहमीचं वाक्य – शेजारील चारही नंबर तपासले. तपासले नव्हते. सही केली.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, पुस्तक पुसायला घेतलं. शेवटची दोन कोरी पानं एकमेकांना चिकटली होती. पातळ सुरीनं सोडवली. आत शाईनं काढलेला नकाशा. बांध, चिंच, साखळ्यांची मापं, जुना नंबर – माझ्या अहवालातला नव्हे, त्याच्या पूर्वेचा. खाली मोडीत नाही, स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलेलं: "जमीन खोताची, वहिवाट पोशा धर्मा याची. साखळीही त्यानेच धरली." आणि मोजणीदाराची सही.

समजतंय ना तुम्हाला? ते बक्षीस नव्हतंच. त्या मोजणीदारानं एका निरक्षर माणसाला त्याच्या हक्काचा कागद दिला होता, आणि हरवू नये म्हणून पुस्तकात लिहून दिला होता. पोशा बरोबर बोलत होता. त्या बुकात त्याची जमीन होती. दीडशे पुस्तकं जमवणाऱ्या शहाण्याला ते कळलं नाही.

भूखंडाच्या सुनावणीला तेव्हा अजून अकरा दिवस होते.

तुम्ही म्हणाल, मग धावत गेला असशील. गेलो. सोमवारी सकाळी दप्तरखान्यात गेलो आणि पूर्वेच्या नंबराचं जुनं दप्तर मागितलं. माणसानं कुरकुर न करता काढून दिलं – एरवी आठवडा लावतात, त्या दिवशी दहा मिनिटांत! तिसऱ्या पानावर नाव होतं. पोशा धर्मा. कूळ. सरकारी शाईत, सरकारी शिक्क्याखाली. मी त्यावर बोट ठेवून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. नक्कल मागायची होती. एक अर्ज लिहायचा होता, चार ओळींचा.

मी दप्तर बंद केलं आणि चहा प्यायला गेलो.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचीच चीड येते. नक्कल आणली असती तर वकिलांनी विचारलं असतं, अहवालात शेजारचे नंबर तपासले लिहिलंय, मग हे कुठून आलं? माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं, नव्हे, मी खोटं लिहिलं, हे बाहेर आलं असतं. आणि पुस्तक – पुस्तक केसच्या फायलीत गेलं असतं, टाचण्या मारून, शिक्के मारून. मला ते नको होतं. दोन्हींतलं मोठं कारण कुठलं? खरं सांगतो, मला ठरवता येत नाही. एखादं तरी भारदस्त असायला हवं होतं.

अकरा दिवस मी रोज ठरवलं, उद्या सांगू. बाराव्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही. हिराबाईच्या बाजूनं माझा अहवाल हा एकच कागद होता, आणि तो तिच्याच विरुद्ध बोलत होता. भूखंड पूर्ण खोताच्या नातवांना गेला. बाहेर पडताना तिनं माझे हात हातात घेतले. म्हणाली, "तुमी तं लय फिरलात आमच्यासाठी." मी मान हलवली. त्या जागी आता सात मजली बिल्डिंग आहे, खाली मोबाईलचं दुकान. हिराबाई चार वर्षांनी गेली, भाड्याच्या खोलीत. अकरा महिने भरत आले होते, म्हणून सुनंदाला दिवसकार्य उरकून लगेच सामान हलवावं लागलं.

सुनंदा आता आमच्या मार्केटात मासळी विकते. मी तिच्याकडूनच घेतो. दुसरीकडे जायची हिंमत होत नाही, कारण ती लांबून हाक मारते, "काका!" वजन झालं की वर दोन बोंबील टाकते, दर वेळी. नको म्हटलं तर रागावते. आईसाठी फिरलेल्या माणसाचे ते बोंबील बायको तळते, आणि मी खातो.

गेल्या बुधवारी तिनं विचारलं, "काका, आयेचा ता बूक हाय का तुमच्याकरं? आजाची तेवरीच वस्तू व्हती. घरान ऱ्हायली असती."

किती सोपं होतं. ती काही जमीन मागत नव्हती. घर दहा मिनिटांवर. जाऊन आणायचं, तिच्या हातात द्यायचं. पण द्यायचं म्हणजे शेवटचं पान द्यायचं, आणि ती दहावी शिकलेली आहे. वाचलं असतं तिनं.

मी म्हणालो, "वाळवी लागली गं त्याला. गेलं."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तीच मला समजावू लागली. "जाव द्या काका. तुमी तरी काय करनार." आणि वर दोन बोंबील टाकले.

घरी येऊन मी कपाट उघडलं. तिसऱ्या फळीवर, डांबरगोळ्यांच्या शेजारी, पुस्तक जागेवर आहे. एक पानही खराब झालेलं नाही.