उतरलंच नाही

देवाने माणूस घडवताना मेंदू कवटीत ठेवला, काळीज बरगड्यांच्या आड ठेवलं, आणि पुरुषाची वंश चालवायची चीज तेवढी बाहेर लटकवून दिली. पोराचा चेंडू लागला तरी भला मोठा गडी कळवळून खाली बसतो. हे असं का, हा प्रश्न बायकांनी विचारायचा नसतो. मी विचारला होता, तोही दवाखान्यात, नवऱ्यासमोर. आता वय झालं, असले शब्द उच्चारायची लाज राहिली नाही, म्हणून लिहिते.

माझं माहेर रावेरकडचं, केळी-कापसाचं. सासर बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात. नवरा तहसील कचेरीत कारकून. राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा माहेर मुंबई राज्यात राहिलं आणि सासर नव्या मध्य प्रदेशात आलं. बुधवाऱ्यातल्या दुकानांत बघावं तर कोण इकडे, कोण तिकडे, याच गप्पा. आमच्या घरात मात्र विषय एकच होता, माझी कूस. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलत नव्हता. तापीत स्नानं झाली, दर्ग्यावर चादर चढवून झाली, एका वैद्याच्या काढ्यांनी माझ्या तोंडाची चव कायमची गेली. काढे मलाच, उपास मलाच. नवरा दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होता.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. मला ताप आला तर उशाशी बसायच्या. पण धाकट्या दिराचं लग्न झालं, जावेला लगेच दिवस गेले, आणि त्यांचा धीर सुटला. "काही दिवस माहेरी जाऊन ये," म्हणू लागल्या. त्या काही दिवसांचा अर्थ सगळ्या घराला ठाऊक होता. नव्या कायद्याने दुसरं लग्न बंद झालं होतं, पण पहिली गुपचूप माहेरी बसली तर विचारायला येतो कोण! नवऱ्याने सांगितलं, मला दुसरी नको. झालं, गल्लीभर त्याचा उदोउदो. देवमाणूस आहे, वांझ बायको टाकली नाही. माझ्या तोंडावर म्हणायचे लोक.

शेवटचा उपाय म्हणून त्याने मला टांग्यातून शनवाऱ्याजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. नर्सने आणि डॉक्टरांनी मला तपासलं, आणि मग डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "आता तुम्ही चला आत." तो असा दचकला की मला हसूच आलं. पडद्याआडून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि माझं हसू संपलं.

"बाई, तुमच्यात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पोर आईच्या पोटात असतं तेव्हा त्याची अंडी पोटातच, वर असतात. जन्माच्या सुमारास खाली उतरतात. यांची उतरलीच नाहीत."

"मग आत आहेत तर बरंच की," मी म्हणाले. "एवढी नाजूक चीज बाहेर कशाला हवी?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, पोटात ऊब जास्त असते, पुरुषाचं बी त्या उबेत तयार होत नाही. त्याला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो, म्हणून ती पिशवी बाहेर. उन्हाळ्यात सैल पडते, थंडीत आखडून अंगाशी येते.

मला पुढचं कुणी समजवायची गरज पडली नाही. माझे वडील पेरणीची सरकी चुलीपासून लांब, हवेशीर कोपऱ्यात ठेवायचे. आई चुकून चुलीजवळ ठेवायला गेली तर घर डोक्यावर घ्यायचे. उबेने मेलेलं बी वरून चांगलंच दिसतं.

"लहानपणीच ऑपरेशन करून खाली आणली असती, तर कदाचित..." डॉक्टर म्हणाले.

परतताना टांग्यात तो म्हणाला, "मला वाटायचं, काहींचं असतं असं." मग घर जवळ आल्यावर, "घरी तू काही बोलू नको. मी सांगतो आईला, वेळ पाहून." मला त्याची इतकी दया आली की मी त्याचा हात धरला, भर रस्त्यात. ती वेळ काही त्याला सापडली नाही.

जावेला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगा झाला. सासूबाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, आणि मी पाणी घालायचं. बाळाला मी हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. थंडीचे दिवस होते. एका सकाळी बाळाचं दुपटं काढल्यावर सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाह्य, गार वारा लागला का कसं वर चढून राह्यलं. ऊन पाणी पडलं का बरोबर खाली उतरते." आणि हसत हसत पुढे म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याचं नव्हतं असं. सुईण बोलली, उतरेल. मीबी म्हटलं, झाकलेलं बरं. मार नाही लागत, कोनाची नजर नाही लागत."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आई, ते उतरलंच नाही," मी म्हणाले, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. बोलताना माझा आवाज चढला असेल. इतक्या वर्षांचे काढे होते त्यात.

बाळाच्या अंगावरचं पाणी निवलं, ते रडायला लागलं, तरी सासूबाई तशाच बसून होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी रोज आंघोळ घालत होती त्याले."

मला वाटलं, आता सुटले मी. बारशाच्या दिवशी चांगलं लुगडं नेसून पाळण्याशी उभी राहिले. बायका बाळाला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देत होत्या. सासूबाईंनी बाळ उचललं, माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि शेजारणीच्या हातात दिलं. मला पुढे बोलावलं असतं तर बायकांनी विचारलं असतं, आज काय बदललं? त्याचं उत्तर त्यांच्या मुलाच्या अंगावर गेलं असतं.

मी घुगऱ्या वाढायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. मागोमाग त्या आल्या, दाराला कडी घातली, आणि डब्यातले तांदूळ आणि एक नारळ घेऊन माझी ओटी भरली. "माह्या लेकराले सांभाळून घे," म्हणाल्या. मग कडी काढता काढता हळूच म्हणाल्या, "बाहेर येताना हे डब्यात टाकून ये. बाया पाहतील."

मी तांदूळ परत डब्यात ओतले. बाहेर पुरुषांच्या पंगतीत माझा नवरा घुगऱ्या मागत होता. मूल नाही म्हणून मी तोवर पुष्कळ रडले होते. त्या दिवशी रडले ते निराळंच होतं. माझ्यात खोट नाही हे त्या घरात माझ्याखेरीज दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि मी वांझ राहणं त्या दोघांनाही सोयीचं होतं.