खिशातला प्रभू

संगमनेरजवळच्या त्या गावात चर्चला सगळे देऊळच म्हणतात, आणि त्या देवळात फादरांपेक्षा लोक बनुबाईला जास्त भितात. वेदीची कापडं तीच धुते, झाडलोट तीच करते, तीही फुकट. त्यामुळे कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना मोबाईल वाजला, की ती मागे वळून अशी बघते की सरपंचसुद्धा मान खाली घालतो.

त्या रविवारी तिच्या तावडीत छगन सापडला. छगन टेम्पो चालवतो, स्वभावानं गरीब गाय. रांगेतून येऊन त्यानं पवित्र भाकर हातात घेतली. ही भाकर म्हणजे साक्षात प्रभूचं शरीर. घेतली की तिथंच, फादरांसमोर तोंडात घालायची. छगननं ती शर्टाच्या खिशात घातली आणि दार गाठलं.

बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रार्थना अर्धी टाकून ती मागोमाग धावली आणि अंगणात तिनं त्याचं मनगट धरलं.

"आ कर! गिळलीस का? न्हाई ना? काढ भाईर!"

छगननं खिशातून धुतलेला रुमाल काढून उलगडला. आत भाकर होती.

"प्रभूला खिशात घालतोस, मेल्या? सुपारी हाय का ती?"

"आईसाठी नेतोय, मावशी. अंगावरनं वारं गेल्यापासून ती खाटंवरच हाय. फादरला कितींदा सांगितलं. मग कोन नेनार?"

बनुबाईनं मनगट सोडलं नाही. तेवढ्यात मिस्सा संपवून फादर बाहेर आले. त्यांनी भाकर आपल्याकडे घेतली, छगनला चार शब्द सुनावले आणि म्हणाले, "आईकडे पुढच्या आठवड्यात येतो. आज संगमनेरला बैठक आहे."

झालं! बनुबाई छगनला सोडून फादरांकडे वळली.

"पुढल्या आठवड्यात न्हाई, आत्ता! वेदीची कापडं मी घासघासून धुते, ती कुनासाठी? ह्याची आई मार्थाबाई तिकडं प्रभूवाचून तळमळती, आन तुमाला बैठक सुचती!"

"बनुबाई, हळू बोला. देवाचं अंगण आहे."

"म्हनूनच वरडते!"

फादरांनी भाकर डबीत ठेवली, डबी छातीशी धरली आणि मुकाट्यानं निघाले. बनुबाई पुढं, छगन मागं. प्रभू सोबत असताना बोलायचं नसतं, म्हणून तिनं तोंड मिटलं होतं, पण आत राग धुमसतच होता. छगनचं घर तिच्या घरापासून चार घरं पलीकडे.

मार्थाबाईनं भाकर घेतली. डोळे मिटून ती गिळली. मग वाकड्या ओठांनी, एकेक शब्द जुळवत, फादरांकडे न बघता ती बनुबाईला म्हणाली,

"फादरला सवड न्हाई... तू तरी यायचं हुतंस गं, बनू."