मेणबत्त्या नकोत

तिला सगळे कॉइलबाई म्हणायचे. पंपांच्या जळलेल्या विजेच्या मोटारी भरून देणं हा तिचा धंदा. मोटार उघडायची, करपलेली तार उपसून काढायची, खाचांत नवा कागद घालायचा आणि मोजून वेढे घेतलेल्या तांब्याच्या कॉइल एकेक करून बसवायच्या. वेढा एक जरी चुकला तरी मोटार बोंब मारते, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

ती बालगृहात वाढली. अठरा पूर्ण झाली त्याच दिवशी संस्थेने तिला एक पिशवी आणि शिवणकामाचा दाखला देऊन दाराबाहेर काढलं. शिवणकामात तिचा हात दगड. मग मोटारी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ती झाडलोटीला राहिली. एकदा वेढे घेताना म्हाताऱ्याचा आकडा चुकला, तर कोपऱ्यातून केरसुणी थांबवून ती म्हणाली, "एकशे बारा झालेत." म्हाताऱ्याने पुन्हा मोजले. एकशे बाराच. "केर राहू दे. इकडे बस," म्हणाला. पुढे त्याची नजर अधू झाली आणि दुकान हळूहळू तिच्याच हाती आलं.

पंचवीसेक वर्षांनी बालगृहाचं पत्र आलं. बालगृह चालवणाऱ्या समितीच्या बैठकीत तिचा सत्कार करायचा होता. तिने अधीक्षकबाईंना फोन लावला.

"सत्कार राहू द्या हो. अठरा झालेल्यांना हल्ली काय शिकवता?"

"मेणबत्त्या करायला. यंदाही तेच ठरेल."

"कोण ठरवणार?"

"समिती."

"आणि पोरांना कोण विचारणार?"

अधीक्षकबाई भल्या होत्या. खरं तेच म्हणाल्या, "तशी पद्धत नाही आपल्याकडे."

बैठकीच्या दिवशी कॉइलबाई आधी मुलांच्या खोल्यांत गेली, तासभर बोलत बसली आणि दोघांना घेऊन समितीच्या दालनात शिरली. एक सतरा वर्षांची मुलगी, फारसं बोलत नाही म्हणून तिला सगळे गप्पी म्हणत. दुसरा तिच्याच वयाचा, ताडमाड वाढलेला लंबू. टेबलाभोवती सभासदांपुरत्या खुर्च्या आणि पाहुणीसाठी एक, एवढ्याच होत्या.

"तुम्ही बसा, मुलं बाहेर थांबतील," अध्यक्ष म्हणाले. मोठे कापड व्यापारी, स्वभावाने मऊ.

"ज्यांचं लग्न त्यांनाच मांडवाबाहेर ठेवायचं म्हणजे कमाल झाली. खुर्च्या येईपर्यंत मीही उभीच राहते."

पाच मिनिटं ती तशीच उभी राहिली. शेवटी शिपायाने दोन खुर्च्या आणल्या.

"बरं, पण यातलं मुलांना काय कळतं?" अध्यक्षांनी विचारलं.

कॉइलबाई तोंड उघडणार, तोच गप्पी म्हणाली, "मागच्या वर्षीच्या मेणबत्त्या आमच्या पलंगाखाली पडल्यात. कुणी घेत नाही. वीज गेली की आम्हीच लावतो."

लंबूला हसू आवरेना. एका सभासदाने खोकल्याचं निमित्त केलं.

"मग तुला काय हवंय, बाळ?" अध्यक्ष म्हणाले.

"मला मोटार भरायला शिकायचंय. आणि अठरा झालं की त्याच दिवशी काढू नका. काम मिळेपर्यंत राहू द्या." एवढं बोलताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती, पण शब्द एकही गिळला नाही.

दुसऱ्या मागणीवर अध्यक्षांनी नकारार्थी मान हलवली. नियम तो नियम. पहिलीवर मात्र समिती नमली: चार मुलं, तीन महिने, कॉइलबाईच्या जबाबदारीवर. प्रवेशाच्या कागदावर 'पालक' असा रकाना होता. तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि 'नातं' या रकान्यात 'इथलीच' असं लिहिलं.

कारकून म्हणाला, "बाई, हे नातं होत नाही."

"तुमच्यात होत नसेल. आमच्यात होतं."

चौघांतला एक आठवड्यातच ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेला. महिन्याभराने लंबूने तारेचं एक भेंडोळं भंगारवाल्याला विकलं आणि पकडला गेला. शेजारचा पंपवाला मुद्दाम दुकानात येऊन म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? कुणाची कोण पोरं."

"तुमच्या पुतण्याने दोन पंप विकून खाल्ले, तेव्हा त्याची कुळी काढली होती का कुणी?"

पंपवाला आल्या पावली परत गेला. मग ती लंबूकडे वळली.

"मला हाकलणार ना आता?" लंबूने विचारलं. पिशवी त्याने आधीच भरून ठेवली होती.

"हाकलणं तुला सवयीचं आहे, त्यात कसली शिक्षा? पिशवी ठेव. ही जळकी मोटार घे. सगळी तार सोडव, वेढे मोजून माझ्यासमोर लिही. चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून."

तो तीनदा चुकला. चौथ्या दिवशी आकडा जुळला, तेव्हा तिने मान डोलावली आणि दुसरी मोटार त्याच्यापुढे सरकवली.

तीन महिन्यांनी कॉइलबाईने घेतलेली परीक्षा गप्पी पास झाली. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ती पहिल्यांदा एकटी गेली, तेव्हा तिथला चालक तिच्या मागे बघत म्हणाला, "कारागीर कुठाय?" तिने नट खोलायचे पाने जमिनीवर मांडले. "मीच. वीज बंद करा."

समितीच्या दालनात आता मुलांसाठी दोन खुर्च्या कायमच्या आहेत. अठराचा नियम मात्र अजून तसाच आहे. दर बैठकीला गप्पी आणि कॉइलबाई तोच विषय सगळ्यात आधी काढतात. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणतात, "पुढच्या वेळी पाहू."

"पाहा," गप्पी म्हणते. "आम्ही येणारच आहोत."