चंद्राच्या आधीचा फोटो

"वहिनी, चंद्र खोळंबलाय!" शेजारचे काका कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारायचे, की माझी आई गॅस बंद करून निघायची. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, असं पुटपुटत. तुमच्याही कॉलनीत असा एखादा वल्ली असेल, तर जपा त्याला.

काका सातपूरच्या कारखान्यात फिटर. पीव्हीसी पाइपची दुर्बीण घरीच करून, तिला कॅमेरा जोडून ते अंगणातून चंद्रावरच्या विवरांचे फोटो काढत. पौर्णिमा त्यांच्या लेखी बेकार, चंद्र म्हणजे नुसती ताटली. अष्टमीच्या सुमारास विवरांच्या सावल्या लांब पडतात, मजा तेव्हा. खड्डेच बघायचेत तर आपली गल्ली काय वाईट आहे, असं काकू म्हणायच्या.

नव्वदच्या दशकात माझे बाबा गेले आणि आईने बाहेर पडणंच सोडलं. वर्ष झालं तरी आतल्या खोलीतच. आम्ही समजावून थकलो. काकांनी समजावलं नाही. एका संध्याकाळी दारात आले. म्हणाले, शटर उघडलं की दुर्बीण थरथरते. ती थांबेपर्यंत नळीच्या तोंडाशी काळा पुठ्ठा धरायचा आणि मग क्षणभर बाजूला करायचा.

"आमच्या हिचा हात हलतो, वहिनी. तुम्ही तेवढं धरा."

आई गेली. कशी गेली, देव जाणे.

रोलचा पहिला फोटो मात्र उजेडातला लागायचा. सगळंच आभाळ काळं, त्यामुळे कुठला फोटो कुठे संपतो ते मेन रोडच्या लॅबवाल्याला कळेना. एकदा त्याने फिल्म कापताना चंद्राचेच दोन तुकडे केले होते. सुरुवातीला एक नेहमीसारखा फोटो असला, की त्याला अंदाज यायचा. काकांनी कॅमेरा आईकडे वळवला.

"माझा कशाला? मोगऱ्याचा काढा."

"मोगरा हलतो, वहिनी."

आई हसली. वर्षभरानंतर. तो फोटो आमच्याकडे आहे, आणि मग दर रोलचा एक.

पुढे डिजिटल कॅमेरा आला. फिल्मच नाही, तर लॅबवाला कापणार काय? तरी पहिला फोटो आईचाच. विचारलं तर म्हणाले, सवय. काकांचे उपकार मी कसे फेडू?

काका अचानक गेले. खरं सांगते, रडण्याआधी मला धास्तीच वाटली, की आई पुन्हा आत जाऊन बसणार. पण तेरावं झालं आणि संध्याकाळी आई पदर खोचून शेजारी गेली. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आईने त्यांना समजावलं नाही.

"जरा बाहेर या," ती म्हणाली. "ती दुर्बीण मला एकटीला उचलवत नाहीये."