टँकरचा चालक पळाला नव्हता

"साधने तयार होती, माणसे तयार होती. चालक कोणालाही न कळवता पळाला, म्हणून तेल गावाच्या तळ्यापर्यंत गेले." गेल्या महिन्यात नगरच्या एका सभेत तेल डेपोच्या तत्कालीन व्यवस्थापकांनी हे विधान करून टाळ्या घेतल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या टँकर अपघाताच्या गुन्ह्याचा पोलीस तपास माझ्याकडे होता आणि हे विधान खोटे आहे. चालक आज हयात नाही, तेव्हा उत्तर मलाच दिले पाहिजे.

त्या दुपारचा उग्र वास इतक्या वर्षांत माझ्या नाकातून गेलेला नाही. काष्टीच्या बाजाराचा दिवस असल्याने ठाण्यातले निम्मे कर्मचारी बंदोबस्तावर होते. कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा फोन आला.

"साहेब, पुलावर टँकर पालथा झालाय. काळं त्याल पाटात चाललंय, आन आवर्तन चालू हाय. गावाचं तळं भरतंय!"

"तळ्याचं दार बंद कर."

"मानूस धाडलाय. पन त्यो सायकलवर हाय, त्याल त्याच्या आदी पोचंल."

कालव्याला पाणी सुटले की हे तळे भरून घ्यायचे आणि पुढच्या आवर्तनापर्यंत सगळ्या गावाने तेच प्यायचे, अशी तिथली व्यवस्था. मी तत्काळ डेपोला फोन केला. समुद्रात जहाजातून तेल सांडले की ते पसरू नये म्हणून पाण्यावर तरंगता अडसर टाकतात. शासन आणि तेल कंपन्यांच्या संयुक्त समितीने तसाच एक अडसर आमच्या भागातील डेपोत सीलबंद पेटीत ठेवला होता. पुलापासून डेपो जेमतेम दोन किलोमीटर. अडसर पोहोचला दोन तासांनी. तोवर तळे काळे झाले होते.

सायंकाळी गावकऱ्यांनी चालकाला मारतच ठाण्यात आणले. पाथर्डीकडचा पन्नाशीचा माणूस, ओठ फुटलेला. मी गुन्हा नोंदवून अटक केली आणि चौकशीला बसलो.

"गाडी टाकून पळालास?"

"पळालो न्हाई साहेब. डेपोवर गेल्तो."

"कशाला?"

"त्यो लांब फुगा आनाया. मागं गाडी भराया उभा हुतो, तवा त्यांचा सराव बघितला. फुगा पान्यावर टाकला का त्याल थांबतं म्हनं. तितला मानूस म्हनला, साहेबाचा फोन आल्याबिगर पेटी उगडनार न्हाई. परत पुलाकडं पळत निघालो, तर लोकांनी धरलं."

हवालदार म्हणाले, "फुगा आनाया गेल्ता! जत्रा हुती व्हय रं?" सगळे हसले. मीही हसलो. सेवेतल्या ज्या थोड्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यांत ते हसणे आहे.

चालकाने मात्र एक अनावश्यक तपशील दिला होता. डेपोतला मनुष्य मीठ लावून पेरू खात होता आणि खाता खाताच त्याने नकार दिला. माझा अनुभव असा की, बनाव रचणारा कामापुरतेच सांगतो. पेरू आणि मीठ त्याला सुचत नाही. सकाळी मी डेपोच्या भांडारपालाला बोलावले. घटनेविषयी अवाक्षर न काढता विचारले, "काल दुपारी पेरू कसा होता?"

त्याचा चेहरा उतरला. जबाब पुढे आपोआप आला.

"आला होता तो, साहेब. घामाघूम होता, हात जोडत होता. पण पेटीला सील आहे. दरवर्षी तपासणीत सील शाबूत दाखवावं लागतं, नाहीतर मला मेमो. व्यवस्थापक साहेब पुण्याला बैठकीत, फोन घेत नव्हते. तुमचा फोन आला तरी मी त्यांच्याच परवानगीची वाट बघितली."

"मग दरवर्षी सरावाला काय वापरता?"

"दोरीला रिकामे कॅन बांधतो, वरून केशरी कापड. काठावरून तसंच दिसतं. फोटोही चांगला येतो."

पळून गेल्याचा आरोप मी दोषारोपपत्रातून काढला. मात्र मालकाने त्याला पुन्हा गाडी दिली नाही. जप्त केलेला परवाना घ्यायला तो ठाण्यात आला, तेव्हा मी म्हणालो, "कलम काढलंय तुझं."

"कागदावर काडलं साहेब. गावात अजून 'पळपुट्या'च म्हनत्यात."

मी परवाना त्याच्या हातात ठेवला. पुढे तो वारला, तेही त्याच नावाने.

या तपासाने मला शिकवले ते असे. संकटासाठी आणलेली वस्तू जपणे हेच आपल्याकडे काम होऊन बसते आणि ती जपणारा मनुष्य प्रामाणिकही असतो. भांडारपाल लबाड नव्हता. नियम पाळत होता.

व्यवस्थापक म्हणतील, सरावाचे अहवाल आहेत. आहेत. अपघाताच्या आदल्या वर्षीच्या अहवालात लिहिले आहे, "सीलबंद पेटी उघडून अडसर समक्ष पाण्यात उतरविण्यात आला." त्या पेटीचे तुटलेले सील मी पंचनाम्यात जप्त केले. त्यावर तारीख होती पेटी डेपोत आली त्या दिवसाची, म्हणजे अपघातापर्यंत ती एकदाही उघडली गेली नव्हती. आणि अहवालातल्या त्या वाक्याखाली, पोलीस खात्यातर्फे उपस्थित अधिकारी म्हणून, सही माझी आहे.